मख्ख चेहऱ्यांचं पोलीस ठाणं

मालिका बंद करायची म्हटली की वाहिन्यांकडे कारणं तयार असतात. प्रेक्षक घटले, जाहिरातदार मिळेनात, खर्च परवडेना. १९८२ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या करमणूक विभागाचे अध्यक्ष टोनी थॉमोपोलस यांनी ‘पोलीस स्क्वॉड!’ ही मालिका गुंडाळताना जे कारण दिलं, तसं त्याआधी कुणी दिलं नव्हतं. ही मालिका आवडायची तर ती पाहावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

या वाक्यावर गेली चाळीस वर्षं जग हसतंय. पण थॉमोपोलस मूर्ख नव्हते. टीव्हीच्या धंद्यातलं एक जुनं सत्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. घरातला टीव्ही लोक बऱ्याच वेळा कानांनीच बघतात. स्वयंपाकघरात फोडणी चाललेली असते, कुणी कपड्यांच्या घड्या घालतंय, मुलं गृहपाठ करतायत आणि संवाद तेवढे कानावर पडतायत. हशा ऐकू आला की मान वर करायची, पुन्हा खाली घालायची. मालिका लिहिणारे आम्ही लोकही हे धरूनच लिहितो. पडद्यावर पात्र दार उघडून आत येतं आणि तोंडानंही सांगतं, ‘मी आलोय.’ ‘पोलीस स्क्वॉड!’नं हा सगळा व्यवहारच नाकारला. तिथे अर्धा विनोद कानाला, अर्धा डोळ्याला, आणि बऱ्याचदा दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. मान खाली घातली की विनोद गेला.

मालिका जेमतेम सहा भागांची. पहिला भाग ४ मार्च १९८२ ला दाखवला गेला. मार्चमध्ये चार भाग झाले आणि गाशा गुंडाळला. चित्रित होऊन पडलेले दोन भाग जुलैत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, उरलंसुरलं संपवावं तसे दाखवून टाकले.

तिच्यामागे तिघं होते. डेव्हिड झकर, त्याचा भाऊ जेरी झकर आणि त्यांचा मित्र जिम अब्राहम्स. तिघंही विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीच्या परिसरात वाढलेले. मॅडिसनला त्यांनी ‘केंटकी फ्राइड थिएटर’ नावाचं नाटुकल्यांचं दुकान काढलं आणि पुढे ते उचलून लॉस एंजेलिसला नेलं. त्यांची एक सवय त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. रात्री उशिरा लागणाऱ्या बावळट जाहिराती टिंगलीसाठी मिळाव्यात म्हणून ते व्हिडिओ रेकॉर्डर रात्रभर चालू ठेवायचे. सकाळी टेप बघायची. अशाच एका टेपवर त्यांना जाहिरातींच्या अधेमधे १९५७ चा ‘झीरो अवर!’ हा विमान संकटात सापडल्याचा चित्रपट सापडला. चित्रपट अत्यंत गंभीर. तो बघताना हे तिघं लोळून हसले. मग त्यांनी त्या चित्रपटाचे हक्कच विकत घेतले, कथेचा सांगाडा जवळपास तसाच ठेवला आणि त्यातून १९८० साली ‘एअरप्लेन!’ उभा राहिला. सुमारे ३५ लाख डॉलरच्या या चित्रपटानं एकट्या अमेरिकेत आठ कोटींच्या वर धंदा केला.

‘एअरप्लेन!’च्या वेळी स्टुडिओला वाटत होतं की विनोदी चित्रपटात विनोदी नट हवेत. हे तिघं अडून बसले. त्यांना रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्ज असे लोक हवे होते, ज्यांनी आयुष्यभर पडद्यावर जबाबदारीच्या खुर्च्या भूषवल्या होत्या. त्या यादीत लेस्ली नील्सनही होता. हसवण्यासाठी न हसवणारी माणसं घ्यायची, ही त्यांची खरी अक्कल. त्यांना टीव्ही मालिका मिळाली तेव्हा नायक कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे उरलाच नव्हता.

नील्सनबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. जन्म १९२६ चा, कॅनडातल्या रेजायना शहरातला. वडील कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलात, म्हणजे घरातच पोलिसी शिस्त. थोरला भाऊ एरिक पुढे कॅनडाचा उपपंतप्रधान झाला. लेस्ली देखणा, खर्जातल्या आवाजाचा, ताठ चालणारा. ‘फॉर्बिडन प्लॅनेट’मध्ये तो अंतराळयानाचा कप्तान, ‘द पोसायडन अॅडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा. त्याच्या कारकिर्दीतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. १९६१ साली त्यानं ‘द न्यू ब्रीड’ नावाच्या मालिकेत लॉस एंजेलिसच्या पोलीस अधिकाऱ्याची, लेफ्टनंट प्राइस अॅडम्सची भूमिका केली. वाहिनी हीच, एबीसी. आणि निर्माता क्विन मार्टिन, ज्याच्या पोलिसी मालिकांच्या थाटाची ‘पोलीस स्क्वॉड!’नं पुढे नक्कल केली. म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्या थाटात तो खरोखरचा पोलीस होता, त्याच थाटात, त्याच वाहिनीवर तो सार्जंट फ्रँक ड्रेबिन झाला. त्याला वेगळं काही करायचंच नव्हतं. तोच जबडा, तेच रोखून बघणं. बदलले होते ते फक्त आजूबाजूचे लोक आणि वस्तू.

सेटवर मात्र तो वेगळा प्राणी होता. त्याच्या खिशात कायम एक छोटं यंत्र असे, हाताच्या मुठीत मावणारं, दाबलं की पादल्याचा आवाज काढणारं. ‘एअरप्लेन!’च्या सेटवर गंभीर प्रसंगांच्या तयारीत, सगळे चिडीचूप असताना तो ते वाजवायचा आणि स्वतः चेहऱ्यावरची सुरकुतीही हलवायचा नाही. मुलाखतकारांपासून सहकलाकारांपर्यंत कुणालाही त्यानं सोडलं नाही. मला यात नुसता व्रात्यपणा दिसत नाही. हा माणूस आपल्या कलेचा रोज रियाज करत होता. आवाज झाला, सगळे दचकले, आणि आपण मात्र काहीच घडलं नाही असं बघायचं. ड्रेबिन म्हणजे दुसरं काय?

गुप्तहेरांच्या विनोदात एरवी जोडी लागते. एक हुशार, एक बावळट. एक शिस्तीचा, दुसरा वाह्यात. त्यांच्या विजोडपणातून हशा निघतो. इथे ड्रेबिन आणि त्याचा वरिष्ठ कॅप्टन एड हॉकन (हे काम अॅलन नॉर्थनं केलं) दोघंही सारखेच गंभीर, सारखेच तत्पर आणि सारखेच आंधळे. दोघंही एकमेकांच्या बोलण्याला माना डोलावतात. विजोडपणा आहे तो या दोघांच्या आणि त्यांच्या पाठीमागच्या जगाच्या मध्ये. मागे लिफ्टचं दार उघडतं आणि ठाण्याच्या मजल्याऐवजी पोहण्याचा तलाव दिसतो. हे दोघं खुनाच्या हत्याराबद्दल बोलतच राहतात. ठाण्यात अल नावाचा एक पोलीस आहे, इतका उंच की त्याचं डोकं कधीच चौकटीत येत नाही. सगळे त्याच्याशी छताकडे बघून, अगदी सहज बोलतात. प्रयोगशाळेत टेड ओल्सन नावाचा शास्त्रज्ञ लहान मुलांना भलतेसलते प्रयोग शिकवत असतो. ड्रेबिन आला की मुलाला घरी पाठवतो आणि पुराव्याबद्दल बोलू लागतो. हे काम करणारे एड विल्यम्स मूळचे शिक्षक होते, आणि ते दिसतंही. मुलांशी बोलताना त्यांच्या आवाजात खरी आस्था आहे.

डेव्हिड झकर आणि मंडळींनी विनोदाचे नियमच करून ठेवले होते. त्यांची संख्या पुढे पंधरापर्यंत गेली. त्यातला मुख्य असा: एका विनोदावर दुसरा विनोद चढवायचा नाही. मागे गंमत चालली असेल तर पुढच्या नटानं सरळच वागायचं, मागे वळून बघायचंही नाही. त्यानं बघितलं, भुवई उडवली, डोळा मारला, की दोन्ही गेले. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. नटाला आपल्याकडे लक्ष हवं असतं, आणि इथे त्याला सांगितलं जातं की लोकांचं लक्ष तुझ्या पाठीमागे आहे, तू निमूटपणे काम कर. ज्या नटाला स्वतःच्या गंभीरपणावर पूर्ण विश्वास आहे, तोच हे करू शकतो. म्हणून विनोदी नट चालला नसता.

आता एकच प्रसंग जवळून बघू. त्या काळच्या अमेरिकी मालिकांच्या शेवटी एक ठरलेली पद्धत होती. गुन्हा सुटलेला, नायक मित्रांसोबत ऑफिसात, कुणीतरी हलकंसं काहीतरी बोलतो, सगळे हसतात आणि चित्र तिथेच गोठतं. त्यावर नामावली सरकते. हे गोठवणं एडिटिंगच्या टेबलावर होतं. एक फ्रेम उचलायची आणि पुन्हा पुन्हा छापायची. ‘पोलीस स्क्वॉड!’मध्ये फ्रेम गोठवलीच नाही. कॅमेरा चालू, आणि नट नुसते जागच्या जागी थिजून उभे! हसू अर्धवट, हात हवेत. नामावली वर सरकत राहते आणि आपल्याला हळूहळू जाणवतं की कपात कॉफी पडतेच आहे. कप भरला, बशी भरली, कॉफी हातावरून वाहतेय, आणि ओतणारा हलायला तयार नाही. डोळे थोडे पाणावतात, छाती किंचित वरखाली होते. एका भागात सगळे असे थिजलेले असताना पकडलेल्या गुन्हेगाराच्या लक्षात येतं की आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही. तो इकडेतिकडे बघतो आणि पळायची वाट शोधायला लागतो. आणखी एका भागात एक चिंपांझी आहे. त्याला गोठण्याचा करार कळलेला नाही, तो कागद उधळत बसतो.

हे काम किती कष्टाचं आहे ते एडिटिंगच्या खोलीत बसणाऱ्याला लगेच कळेल. नामावली संपेपर्यंतचा वेळ म्हणजे स्तब्ध उभं राहणाऱ्या माणसाला युगं. एकाची पापणी लवली, कोपऱ्यात एकाला हसू फुटलं, की कॉफी पुसा, कपडे बदला, पुन्हा सुरू. आणि हे कशासाठी, तर ज्या वेळी सगळं जग टीव्हीपुढून उठून जातं त्या अर्ध्या मिनिटासाठी. इतक्या निष्ठेनं केलेली गोष्ट मला फार कमी ठिकाणी दिसली आहे.

सुरुवातीच्या नावांच्या पट्ट्यातही तीच मेहनत. धाटणी १९५७ ते १९६० या काळातल्या ‘एम स्क्वॉड’ या मालिकेची, ज्यात ली मार्व्हिन फ्रँक नावाचाच पोलीस होता. आयरा न्यूबॉर्नचं बिग बँड संगीत तर इतकं खणखणीत आहे की डोळे मिटून ऐकलं तर विनोदाची शंकाही येऊ नये. निवेदक हँक सिम्स. क्विन मार्टिनच्या मालिकांचा खराखुरा आवाज त्याचाच, तोच भाड्यानं आणला. तो भागाचं एक नाव उच्चारतो आणि पडद्यावर भलतंच नाव उमटतं. दर आठवड्याला. कानांनी टीव्ही बघणाऱ्याला यातलं काय कळणार? मग एक दाढीवाला लिंकन दिसतो, नाट्यगृहात बसलेला. त्याच्यावर गोळी सुटते आणि तो उलटा गोळीबार करतो. रेक्स हॅमिल्टन या नटाचं नाव त्या भूमिकेसह सहाही भागांत झळकतं. मालिकेत लिंकन पुन्हा कुठेच नाही.

त्याच पट्ट्यात ‘खास पाहुणा कलाकार’ यायचा आणि त्याच क्षणी मरायचा. पहिल्या भागात लॉर्न ग्रीन, ‘बोनान्झा’ मालिकेतला अमेरिकेचा लाडका बाप, छातीत सुरी घेऊन धावत्या गाडीतून बाहेर फेकला जातो. जॉर्ज स्टॅनफर्ड ब्राउनवर वरून तिजोरी पडते. गायक रॉबर्ट गुले बंदुकांच्या फैरीपुढे उभा. ‘स्टार ट्रेक’वाला विल्यम शॅटनर गोळ्या चुकवतो, उलट गोळ्या झाडतो, विजयानं पेला उचलतो, आणि पेल्यात विष. नामवंत नटाला बोलवायचं, त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लावायचं आणि कथा सुरू होण्याआधीच त्याला संपवायचं. यांपैकी ब्राउननं तर याच मालिकेचा एक भाग दिग्दर्शितही केला, आणि गुले या मालिकेवरून पुढे निघालेल्या चित्रपटांपैकी १९९१ च्या चित्रपटात खलनायक म्हणून परत आला.

यातच एक किस्सा आहे जो सांगताना हसू येत नाही. पाहुण्यांपैकी एक होता जॉन बलुशी. पायाला काँक्रीट बांधून पाण्याच्या तळाशी बुडालेला, असं त्याचं मरण चित्रित करून ठेवलं होतं. मालिका ४ मार्चला सुरू झाली. ५ मार्चला बलुशी हॉलिवूडच्या शातो मार्मो हॉटेलात अमली पदार्थांच्या अतिरेकानं मरण पावला. वय ३३. ती फिल्म बाजूला काढली, तिच्या जागी विल्यम कॉनरॅडचा मृत्यू चित्रित झाला आणि बलुशीचं दृश्य कधीच दाखवलं गेलं नाही. कॉनरॅडही बदली म्हणून सहज सापडलेला नट नव्हता. क्विन मार्टिनच्याच ‘कॅनन’ मालिकेचा तो नायक, खऱ्या गुप्तहेरांच्या गोतावळ्यातला.

दिग्दर्शकांत जो डांटे होता, ज्यानं पुढे ‘ग्रेमलिन्स’ केला. या मालिकेत कॅमेऱ्याच्या भाषेचीच थट्टा चालायची. चकमकीचा प्रसंग घ्या. ड्रेबिन आडोशाला, गोळी झाडतो. गुन्हेगार आडोशाला, गोळी झाडतो. क्लोजअप, क्लोजअप, क्लोजअप. आपण मनातल्या मनात मधे एक रस्ता, एखादं मैदान धरून चालतो, कारण आपल्याला चित्रपटांनी तसं शिकवलंय. मग कॅमेरा मागे जातो आणि दिसतं की दोघं हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतक्या अंतरावर आहेत. हा विनोद संवादात सांगताच येत नाही. एडिटिंग म्हणजे काय, हे शिकवायला मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

तसेच ते कचऱ्याचे डबे. ड्रेबिन गाडी थांबवताना डबे उडवतो. पहिल्या भागात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. भागाचा क्रमांक डब्यांनी मोजलेला. पुढच्या आठवड्यात मागचा आकडा आठवणारा प्रेक्षक असेल असं त्यांनी धरलं. व्हिडिओ घरोघरी नसताना.

बूटपॉलिशवाला जॉनीही असाच. विल्यम ड्यूएलनं हे काम अप्रतिम केलं. ड्रेबिन नोटा सरकवतो, जॉनी गुन्हेगारी जगताची इत्थंभूत माहिती देतो. इतपत प्रत्येक पोलिसी मालिकेत असतं. ड्रेबिन उठून गेला की त्याच्या जागी एक शल्यविशारद येऊन बसतो, नोट सरकवतो आणि हृदयाची शस्त्रक्रिया कशी करायची ते विचारतो. एकदा धर्मगुरू येतो, त्याला मरणानंतरचं आयुष्य समजून घ्यायचं असतं. जॉनी आधी म्हणतो, काही ठाऊक नाही. पैसे मिळाले की सगळं सांगतो. सगळ्या गंभीर चेहऱ्यांत हा एकच माणूस खरोखर हुशार आहे, आणि तो रस्त्यावर बसतो.

हशाची ध्वनिफीत मात्र नव्हती. त्या काळी अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेला ती असायचीच; कुठे हसायचं ते त्यावरून कळे. ती नसल्यामुळे ज्यांनी मधूनच वाहिनी लावली त्यांना एक साधीशी, जुनाट पोलिसी मालिका दिसली असेल. संगीत तसंच, नट तसेच, आवाज तसाच. नक्कल इतकी बेमालूम होती की तिनंच मालिकेचा घात केला. ‘द सिम्पसन्स’चा कर्ता मॅट ग्रेनिंग पुढे म्हणाला की ही मालिका वीस वर्षं उशिरा आली असती तर तुफान चालली असती. मला ते पटतं, पण त्याला मी एक जोड देईन: वीस वर्षांनी प्रेक्षकाच्या हातात थांबवायचं आणि मागे न्यायचं बटण आलं होतं.

मालिका बंद झाल्यावर त्याच वर्षी एमी पुरस्कारासाठी नील्सनला विनोदी मालिकेतल्या सर्वोत्तम नटाचं नामांकन मिळालं, आणि पहिल्या भागाच्या लेखनालाही. पुरस्कार ‘मॅश’च्या अॅलन अॅल्डानं नेला. झकर बंधू आणि अब्राहम्स यांनी नंतर सांगितलं की मालिका सहांवर थांबली ते बरंच झालं. असा वेग त्यांना फार काळ टिकवता आला नसता. हे सांत्वन म्हणून बोललेलं वाटत नाही. सुमारे पंचवीस मिनिटांत इतके विनोद ओतायचे, पुढच्या आठवड्यात पुन्हा तितकेच. अशानं लेखकांची फळी वर्षभरात रिकामी होते.

काही वर्षांनी हे सहा भाग व्हिडिओ कॅसेटवर आले आणि भाड्यानं जाऊ लागले. लोकांनी ते थांबवून, मागे नेऊन बघितले. १९८८ च्या डिसेंबरात ‘द नेकेड गन’ प्रदर्शित झाला. उपशीर्षकात ‘पोलीस स्क्वॉड’चं नाव ठेवलं होतं. अॅलन नॉर्थच्या जागी जॉर्ज केनेडी आला, ठाण्यातल्या नॉर्बर्ग या पोलिसाचं काम करणाऱ्या पीटर ल्यूपसच्या जागी ओ. जे. सिम्पसन. नॉर्थची गच्छंती मला आजही खुपते. नील्सनच्या शेजारी उभं राहून इतकं कमी करणं केनेडीला जमलं नाही. नील्सन राहिला, प्रयोगशाळेतले विल्यम्स राहिले आणि उंच अलही राहिला. त्याला सांगितलं जातं की तोंडाला काहीतरी लागलंय, नाही, दुसऱ्या बाजूला. आणि वरून केळ्याचा भलामोठा तुकडा खाली पडतो. चित्रपटगृह हसून कोसळलं.

तीन चित्रपट झाले, १९९४ पर्यंत. २०२५ साली लिअम नीसनला घेऊन ड्रेबिनच्या मुलाचा चित्रपट निघाला. तिथेही गंभीर नटच निवडला. मालिकेतल्या कितीतरी कल्पना लेखकांनी पहिल्या चित्रपटात बिनदिक्कत पुन्हा वापरल्या होत्या. कुणी हरकत घेतली नाही. मूळ विनोद बघितलेले लोक इतके थोडे होते, की चित्रपटगृहात बसलेल्या बहुतेकांना ते सगळे त्याच दिवशी सुचल्यासारखे नवे वाटले.